चौदा दिवस, तीस दिवस आणि आमची चोवीस पायताणं
(वाणिज्यमंत्र्यांना निपाणीहून खुलं पत्र)

मा. वाणिज्य व उद्योग मंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली.

सा. न. वि. वि.

मी निपाणीत राहते. पुणे-बंगळूर महामार्गावर कोल्हापूर सोडलं की चाळीसेक किलोमीटरवर, कर्नाटकात शिरल्या शिरल्या आमचं गाव. लोक आम्हाला तंबाखूमुळे ओळखतात. मी मात्र पायताणं विकते, म्हणजे आपल्या भाषणातल्या ‘कोल्हापुरी चपला’. सासरी शिवल्या जातात त्या आणि शेजारच्या नऊ घरांतल्या. ऑनलाइन, आणि निम्म्याहून जास्त परदेशी.

आपला वेळ मोलाचा आहे याची जाणीव आहे. तरी लिहितेय, कारण काल दुपारी कुरिअरचा टेम्पो दारात आला आणि आमचंच खोकं आम्हाला परत देऊन गेला. जर्मनीतल्या हॅम्बुर्गला जाऊन आलेलं. एक कोपरा पार आत गेलेला, वर कुणाच्या तरी बुटाचा ठसा, आणि ‘कोरडे ठेवा’ची छत्री मी स्वतः लाल शाईनं काढली होती ती पाण्यानं फिसकटलेली. ब्लेडनं टेप कापला तर आंबूस वास आला. पहिल्याच जोडाच्या वेणीवर पांढरी बुरशी. गोंड्याचा लाल रंग उतरून पट्ट्यावर पसरलेला, कुंकवाचं पाणी सांडल्यासारखा. मामंजींनी जोड उचलला, अंगठ्यानं टाच दाबून बघितली आणि म्हणाले, “पाणी प्यालंय.” बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावलेलं कातडं आहे साहेब. एकदा पाणी प्यालं की ते फुगतं, वाळलं की आकसतं, आणि मग पायात घालायचं राहत नाही. चोवीसच्या चोवीस जोड तसे. मामंजी दिवसभर एकेक उलटासुलटा करत बसले होते. जेवायला उठले नाहीत.

आता हे झालं कसं, ते ऐका. तिथल्या एका छोट्या दुकानदार बाईंनी आमच्याकडून हे जोड मागवले. मी प्रत्येक जोड कागदात, मग प्लॅस्टिकच्या पिशवीत, आत ओल शोषणाऱ्या पुड्या, मग दुहेरी खोकं, असं सगळं केलं. सगळ्याचे फोटो आहेत. पार्सल पोचलं तेव्हा बाई सुट्टीवर होत्या, शेजारच्या दुकानानं घेऊन ठेवलं. त्यांनी सतराव्या दिवशी उघडलं. फोटो काढून मार्केटप्लेसवर, म्हणजे मी ज्या वेबसाइटवरून विकते तिथे, तक्रार केली. तिथे ग्राहकाला तीस दिवस असतात. दुसऱ्या दिवशी त्यांचे पैसे त्यांना परत, माझ्या पुढच्या रकमेतून वजा. मला विचारायचं कारणच नव्हतं.

मी कुरिअरवाल्यांकडे दावा टाकला. आधी त्यांचा रोबोट बोलला, “आपली तक्रार आमच्यासाठी महत्त्वाची आहे.” मग एका माणसानं लिहिलं की पॅकिंग अपुरं होतं. मी फोटो पाठवले. मग दुसऱ्या माणसानं लिहिलं की पॅकिंगचं सोडा, मुदत संपली. विमानानं गेलेल्या मालाचं नुकसान चौदा दिवसांच्या आत लेखी कळवावं लागतं. मी वकिलांना विचारलं. खरंच तसं आहे. १९९९ चा माँट्रियल करार, कलम ३१, आपल्या देशानं २००९ पासून तो लागू केलाय. आणि ते कळवायचं कुणी? मी नाही. ज्याच्या हातात माल पडला त्यानं. म्हणजे हॅम्बुर्गच्या बाईंनी, ज्यांचे पैसे केव्हाच परत मिळालेत आणि ज्यांना माझ्या कुरिअरशी काही देणंघेणं नाही.

तर ग्राहकाला तीस दिवस, कुरिअरला चौदा, आणि मधल्या सोळा दिवसांत जे काही होईल ते माझ्या डोक्यावर. दोघांच्या मधल्या पट्ट्यात राहायची आम्हाला १९५६ पासून सवय आहे म्हणा, पण त्यासाठी वेगळे पैसे भरावे लागत नव्हते.

हिशेब सांगते. माल ६२,४०० रुपयांचा. जाण्याचं भाडं १७,३००. परत आणायचं १५,८००, नाहीतर ‘तिथेच नष्ट करू, त्याचाही खर्च द्या’. आणि आपलाच माल आपल्याच देशात येताना आयात ठरतो, म्हणून आधी शुल्काचं बिल. कस्टम्सची अधिसूचना आहे ना, तीन वर्षांत तोच माल परत आला तर सवलत? आहे. पण तोच माल आहे हे सिद्ध करा म्हणतात. चपलेला काय इंजिन नंबर असतो? प्रत्येक जोडावर मामंजींच्या हाताची टाच आहे, ती ओळखणारा अधिकारी कस्टम्समध्ये कधी नेमणार? सगळं धरून लाखाच्या वर गेलं. नवरा म्हणतो लाख नाही, पंच्याण्णव हजार आणि वर थोडे. मी म्हटलं, माझ्या जागरणाचे धर.

हे कमी म्हणून आज सकाळी बँकेचा फोन. तुमचं शिपिंग बिल, म्हणजे निर्यातीचा कस्टम्सचा कागद, रिझर्व्ह बँकेच्या यंत्रणेत उघडं दिसतंय, परदेशातून पैसे का आले नाहीत? मी म्हटलं, आले होते, गेले. ते म्हणाले, तसं लेखी द्या. लेखी दिलं तर म्हणाले, कागदावर बेळगाव आहे, नोंदीत बेळगावी. २०१४ साली नाव बदलून घेतलं कुणी, आणि पुरावा द्यायचा कुणी!

आपण म्हणाल, सरकारनं तुमच्यासाठी काय नाही केलं? केलंय. २०१९ ला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन दिलं. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि इकडचे बेळगाव, बागलकोट, धारवाड, विजापूर, असे आठ जिल्हे एका पायताणात बसवले. जे राजकारणाला साठ-सत्तर वर्षांत जमलं नाही ते एका चपलेनं केलं, त्याबद्दल आभार. २०२३ च्या परराष्ट्र व्यापार धोरणात ई-कॉमर्स निर्यातीला स्वतंत्र प्रकरण दिलं, कुरिअरनं पाठवायच्या मालाची मर्यादा तेव्हा पाच लाखांवरून दहा लाखांवर नेली. दहा लाखांचं मी काय करू? साठ हजारांचं तेवढं कोरडं पोचू द्या.

गेल्या वर्षी इकडे एका निर्यात मेळाव्यात एका मोठ्या अधिकाऱ्यांनी माइकवरून सांगितलं होतं, “पार्सल खराब झालं तर घाबरू नका, एक खिडकी करतोय.” आम्ही टाळ्या वाजवल्या. मी तर पहिल्या रांगेत होते. ती खिडकी कुठं आहे? मी चार ठिकाणी विचारलं. एका ठिकाणी फॉर्म कानडीत, तो शेजारच्या मुलाकडून भरून घेतला. दुसऱ्या ठिकाणी म्हणाले कोल्हापूरला विचारा, चप्पल त्यांची. कोल्हापूरवाले म्हणाले तुम्ही कर्नाटकातल्या, बंगळूरला विचारा. बंगळूर इथून पाचशेहून जास्त किलोमीटर. कोल्हापूर एसटीनं तासाभरात.

आणि आपलं उत्तरही मला पाठ आहे. कस्टम्स अर्थ खात्याकडे, विमानाचा कायदा विमान खात्याकडे, ऑनलाइन ग्राहकांचे २०२० चे नियम ग्राहक खात्याकडे. त्या नियमांत माझी काळजी किती? ग्राहक आयोगाचं विचारलं तर वकील म्हणाले, धंद्यासाठी सेवा घेतली म्हणून तिथंही अडवतील. म्हणजे विकणारी म्हणून जबाबदार मी, गिऱ्हाईक म्हणून हिशेबात नाही. २९ ऑगस्ट २०२५ ला अमेरिकेनं ८०० डॉलरपर्यंतच्या पार्सलांची करमाफी काढून टाकली, तेव्हा तिकडच्या ऑर्डरी बसल्या. त्या वेळी सगळे म्हणाले, युरोप बघा. बघितलं. बुरशी आली.

तिकडे मिलानच्या प्राडा या बड्या कंपनीनं आमच्यासारखं पायताण २०२५ च्या फॅशन शोमध्ये मिरवलं, बोंब झाल्यावर दोन राज्यांच्या चर्म महामंडळांशी करार केला, आणि जोडाची किंमत सांगितली आठशे युरोच्या आसपास. फोटो छान आले. त्यांचं खोकं कुणी बुटानं तुडवणार नाही याची मला खात्री आहे.

माझं मागणं फार नाही. ग्राहकानं मार्केटप्लेसवर केलेली तक्रार हीच कुरिअरला दिलेली नोटीस धरा, आणि दोघांची मुदत एक करा. परत आलेल्या हस्तकलेच्या मालाला पाठवतानाचे फोटो पुरावा म्हणून चालवा. आणि ती खिडकी. तिच्यात बसणाऱ्याला मराठी, कानडी दोन्ही येऊ द्या, एवढंच.

यासोबत एक जोड पाठवतेय. आठ नंबर, कानवाला, गोंड्यासकट, कोरड्यातला. कुरिअर तेच. भिजून पोचला तर चौदा दिवसांच्या आत लेखी कळवा. पंधराव्या दिवशी मी ऐकून घेणार नाही.

आपली,
निपाणीची एक पायताणवाली