एक ब्लॉक, दोन तपासण्या: डॉक्टर मॅडमना पत्र

आदरणीय डॉक्टर मॅडम,
सादर नमस्कार.

गेल्या वर्षी दादाच्या आतड्यातील गाठीचे ब्लॉक (मेणात जपलेले तुकडे) आणि स्लाइड (त्यांचे काचेवरचे काप) घेऊन मी अमळनेरहून धुळ्याला तुमच्याकडे आले, तेव्हा आमच्या हाती एक रिपोर्ट आधीच होता. डीएनएतील चुका दुरुस्त करणारी चारही प्रथिने गाठीत आढळत नाहीत, असे त्यात लिहिले होते. तुम्ही तो बाजूला ठेवून आधी स्लाइड मागितलीत, हे मला त्या वेळी खटकले होते, याची आज कबुली देते.

सूक्ष्मदर्शकाखाली तुम्ही मला दाखवलेत की गाठीशेजारच्या निरोगी पेशींची केंद्रकेसुद्धा निळीच राहिली होती. ही प्रथिने असल्याने जी तपकिरी व्हायलाच हवीत त्यांनीही रंग धरलेला नाही, तेव्हा या काचेवरून गाठीबद्दल काहीच बोलता येणार नाही, असे तुम्ही स्पष्ट सांगितलेत. काढलेले आतडे न उघडता लहान डब्यात ठेवले गेले असावे, आणि ऊतक टिकवणारे फॉर्मॅलीन ताशी जेमतेम मिलिमीटरभर आत शिरत असल्याने मधला भाग नासला असावा, हा तुमचा अंदाज होता. मग तुम्ही कडेच्या भागाचा दुसरा ब्लॉक निवडलात, प्रथिनांच्या रंगाची आणि डीएनएची अशा दोन्ही तपासण्यांना लागतील तेवढे काप एकाच वेळी घेतलेत, आणि डीएनए नेमका कुठून काढायचा ते कळावे म्हणून गाठीच्या पेशी दाट असलेली जागा काचेवर पेनाने आखून दिलीत.

रंग नीट दिसत असेल तर जनुक तपासणीचा खर्च कशाला, असे मी विचारले होते. आम्ही कापूसवाले, म्हणून तुम्ही बियाण्याचे उदाहरण दिलेत: पिशवीवर वाण कोणते लिहिले आहे ते एक तपासणी वाचते, शेतात काय उगवले ते दुसरी पाहते, आणि दोन्ही जुळले तरच शेतकरी निर्धास्त होतो. आमच्या बाबतीत ते जुळले. त्या चार प्रथिनांपैकी एमएसएच२ आणि त्याच्या जोडीने टिकणारे एमएसएच६ गाठीत नव्हते, निरोगी पेशींत मात्र होते. गाठीचा डीएनएही अस्थिर, म्हणजे दुरुस्त न झालेल्या चुका साठलेला, निघाला. पुढे दादाच्या रक्तात एमएसएच२ जनुकातील बदल सापडला आणि लिंच सिंड्रोमचे, म्हणजे आतड्याच्या व गर्भाशयाच्या कर्करोगाचा धोका वाढवणाऱ्या आनुवंशिक दोषाचे, निदान पक्के झाले. आत्याचा गर्भाशयाचा कर्करोग त्याच माळेतला असू शकतो, हे तुम्ही विचारले नसते तर आम्ही कधीच जोडून पाहिले नसते.

दादाची गाठ दुसऱ्या टप्प्यातली होती. अशा अस्थिर गाठीत फ्लुरोयुरासिल या केमोच्या नेहमीच्या औषधाचा फायदा होत नाही, म्हणून कर्करोगतज्ज्ञांनी केमो टाळली. चाळिशी नुकतीच ओलांडलेल्या, घर चालवणाऱ्या माणसाचे ते सहा महिने वाचले, याचे मोल मी पैशांत सांगू शकत नाही.

भावंडांत हा बदल येण्याची शक्यता निम्मी असते. माझ्यात तो निघाला. रिपोर्ट ऐकून माय म्हणाली, ‘आते काय करानं?’ आणि तुम्ही तिला बसवून घेऊन दुर्बिणीच्या तपासणीचे वेळापत्रक तीनदा समजावून सांगितलेत. पहिल्याच तपासणीत माझ्या आतड्यात एक पॉलिप, म्हणजे आतल्या अस्तरावरची लहान वाढ, निघाला आणि तिथेच काढला गेला.

दादाच्या थोरल्या मुलीला यंदा अठरा पूर्ण होतील. तपासणी करायची की नाही हे तिचे तिने ठरवावे, असे तुम्ही म्हणाला होतात, म्हणून आम्ही तिला काहीच सुचवलेले नाही. मागच्या आठवड्यात तिने तुमचा नंबर मागून घेतला.

आपली ऋणी,
दादाची धाकटी बहीण, अमळनेर