स्टाडचा जहाज-बोगदा पर्यटकांसाठी नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

नॉर्वेतील प्रस्तावित जहाज-बोगद्याविषयी आपल्या रविवारच्या पुरवणीत आलेले छोटे टिपण वाचले. डोंगराच्या पोटातून जहाज जाणार, ही कल्पना कोणालाही भुरळ घालील अशीच आहे आणि टिपणकर्त्यांनी ती तेवढ्याच हौसेने मांडली आहे. परंतु फ्योर्ड, म्हणजे डोंगरांमध्ये खोलवर शिरलेल्या समुद्राच्या चिंचोळ्या खाड्या, पाहायला येणाऱ्या पर्यटकांसाठी योजलेले हे एक नवे आकर्षण आहे, असे जे त्यात म्हटले आहे, ते वस्तुस्थितीला धरून नाही. नोकरीनिमित्त मी बर्गनला राहतो. ऑक्टोबरमध्ये इथल्या शाळांना शरद ऋतूची सुटी लागली तेव्हा हा बोगदा जिथे योजला आहे त्या स्टाड द्वीपकल्पावर आम्ही सहकुटुंब थोडे दिवस राहून आलो. जे पाहिले त्यानंतर हे टिपण दुरुस्तीशिवाय तसेच राहू द्यावे असे वाटेना, म्हणून हे पत्र.

नॉर्वेचा पश्चिम किनारा बहुतेक ठिकाणी बेटांच्या रांगेआड आहे. बर्गनहून उत्तरेकडे निघालेले जहाज एका बाजूला बेटे आणि दुसऱ्या बाजूला मुख्य भूमी ठेवून आडोशाच्या पाण्यातून तासन्‌तास जाऊ शकते. १८९३ साली सुरू झालेली इथली किनारी जहाजसेवा हिवाळ्यातही चालू राहते, त्यामागे ही बेटांची तटबंदीच आहे. बर्गन आणि ओलेसुंड या दोन शहरांच्या दरम्यान मात्र ती तुटते. तिथे स्टाडचे पठारी द्वीपकल्प थेट खुल्या समुद्रात घुसलेले आहे, त्याच्या पुढे एकही आडोशाचे बेट नाही, आणि उत्तर समुद्र व नॉर्वेजियन समुद्र यांची हद्दही इथेच मानली जाते. अटलांटिकवरून येणारी कमी दाबाची वादळे या कोपऱ्यावर आदळतात, डोंगराला वळसा घालताना वाऱ्याचा वेग आणखी वाढतो, तळाची खोली जागोजागी बदलत असल्याने लाटा उभ्या राहतात, आणि किनाऱ्याने उत्तरेकडे वाहणारा प्रवाह समोरून येणाऱ्या लाटांना भिडला की त्या अधिकच उंच आणि आखूड होतात. खलाशांना इथे सर्वांत धोक्याची वाटते ती मात्र वेगळीच गोष्ट: निरनिराळ्या दिशांनी आलेल्या लाटा एकाच जागी एकमेकींवर चढतात, त्यामुळे नौकेचे तोंड कोणत्या लाटेकडे ठेवावे हेच ठरवता येत नाही. वारा पडल्यावरही समुद्राची ही अवस्था कित्येकदा दोन-तीन दिवस टिकते.

बर्गनहून आम्ही वेगवान प्रवासी बोटीने निघालो. साधारण पाच तासांच्या या प्रवासात बहुतेक वेळ पाणी इतके स्थिर होते की मुले खिडकीपाशी चित्रे काढत बसली होती. मोलॉय हे मासेमारीचे बंदर मागे पडले आणि वॉग्सॉय बेट व स्टाड यांच्यामधला उघडा पट्टा आला, तेव्हा मात्र कर्मचाऱ्यांनी सर्वांना जागेवर बसून राहायला सांगितले. तो पट्टा लहानच आहे, तरी तेवढ्यात समोरच्या काचा पाण्याने पूर्ण झाकल्या जाऊन पुन्हा मोकळ्या होत होत्या. ही बोट सेल्ये या गावी थांबते आणि तिथून पुढे जात नाही. ओलेसुंड पलीकडेच असताना सेवा इथेच का संपते, याचे उत्तर त्या काचांवर दिसत होते. द्वीपकल्पाला वळसा घालून अशा बोटीची नियमित सेवा चालवणे शक्य नाही, म्हणून बर्गन-ओलेसुंड अशी सलग वेगवान बोट आजवर सुरू होऊ शकलेली नाही. टिपणकर्त्यांनी ही एक गोष्ट जरी लिहिली असती, तरी बोगदा कोणासाठी हवा आहे हे वाचकांना कळले असते.

सेल्ये गावापुढे पांढऱ्या वाळूचा लांब किनारा आहे आणि समोर सेल्या नावाचे छोटे बेट. इसवी सन ११०० च्या सुमारास बेनेडिक्टाइन पंथाच्या साधूंनी तिथे मठ उभारला. त्याचा मनोरा अजून उभा आहे. आयर्लंडहून पळून आलेली राजकन्या सुनिवा याच बेटावरच्या गुहेत दरड कोसळून गेली, अशी कथा आहे, आणि पश्चिम नॉर्वेची संत म्हणून तिला आजही मान आहे. तिचे अवशेष ११७० साली बर्गनला नेण्यात आले. बेटावर जाणारी होडी आम्ही होतो त्या दिवसांत वाऱ्यामुळे सुटलीच नाही, त्यामुळे मनोरा किनाऱ्यावरूनच पाहिला. धक्क्यावर दोन मासेमारी नौका आणि एक शिडाची नौका बांधून ठेवलेल्या होत्या, आणि त्यांवरची माणसे हवामानाचा अंदाज पाहत थांबलेली होती. आपल्याकडे कोकणात नारळी पौर्णिमा होईपर्यंत होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवतात, तशी ही मुदत ठरलेली असती तर गोष्ट सोपी होती. इथे ऑगस्टमध्येही थांबावे लागते आणि जानेवारीत एखादा दिवस मोकळा मिळतो. वॉग्सॉय बेटावरील क्रोकेनेस दीपगृह १९०६ पासून याच समुद्राकडे पाहत उभे आहे, आणि तिथल्या वेधशाळेच्या नोंदींनुसार वर्षाला ४५ ते १०६ दिवस वादळाचे असतात. ही तफावतच पुष्कळ काही सांगून जाते, कारण एवढ्या अनिश्चिततेवर ना मासळीचा व्यापार आखता येतो, ना प्रवासी सेवा.

दुसऱ्या दिवशी आम्ही वेस्टकापला गेलो. शेरिंगा नावाच्या पठाराचे हे टोक समुद्रसपाटीपासून ४९६ मीटरवर आहे. नावावरून हा नॉर्वेच्या मुख्य भूमीचा अगदी पश्चिमेकडचा बिंदू वाटतो, पण तो मान बर्गनच्या उत्तरेला असलेल्या वार्डेटांगेनकडे जातो. वेस्टकाप प्रसिद्ध आहे ते उंचीमुळे आणि वाऱ्यामुळे. अरुंद रस्ता वळणे घेत वर चढतो, झाड म्हणून एकही नाही, केवळ गवत, शेवाळे आणि उघडा खडक. वर पोहोचल्यावर मोटार वाऱ्याकडे तोंड करून उभी करावी, असे मुक्कामाच्या घरातील बाईंनी बजावले होते, कारण पाठीमागून वारा आला तर दार हातातून निसटून बिजागरीसकट उखडते. मी दार दोन्ही हातांनी धरून उघडले. पठारावरच्या मेंढ्या एका मोठ्या दगडामागे एकमेकींना चिकटून बसल्या होत्या आणि प्रत्येकीची पाठ वाऱ्याकडे होती. खाली समुद्र पांढरा दिसत होता. इतक्या उंचीवरून एरवी लाटांच्या रेघा दिसाव्यात, पण इथे रेघ अशी नव्हतीच, जिकडे तिकडे फेसाचे ढीग उसळत होते आणि मोडत होते. ओठांवर मीठ जाणवत होते. समुद्रापासून जवळजवळ अर्धा किलोमीटर उंचीवर तुषारांचे मीठ पोहोचते, हे मी प्रथमच अनुभवले. त्या दिवशी अंदाजात दिलेला वारा वादळाच्या पायरीपर्यंतही पोहोचलेला नव्हता. १ जानेवारी १९९२ च्या पहाटे आलेले झंझावाती वादळ किंवा २०११ च्या नाताळात आलेले 'दागमार' या किनाऱ्याने कसे सोसले असेल, याची कल्पना करणेही मला जमले नाही.

पठाराच्या पायथ्याशी होद्देविक आणि एर्विक ही दोन छोटी गावे आहेत. होद्देविकला लाटांवर फळी घेऊन खेळणारे तरुण युरोपभरातून येतात, आणि थंड पाण्यासाठीचे जाड काळे पोशाख घालून भर पावसात समुद्रात उतरतात. मला अधिक वेळ थांबावेसे वाटले ते एर्विकला. तिथे वाळूच्या किनाऱ्यालगत एक दफनभूमी आणि लहानसे चर्च आहे. ३० सप्टेंबर १९४३ रोजी, नॉर्वे जर्मनांच्या ताब्यात असताना, 'सांक्त स्वितून' या किनारी सेवेच्या प्रवासी जहाजावर मित्रराष्ट्रांच्या विमानांनी हल्ला केला. पेटलेले जहाज एर्विकनजीकच्या खडकांवर जाऊन आदळले आणि चाळीसहून अधिक माणसे गेली. वाचलेल्यांना गावकऱ्यांनी खवळलेल्या समुद्रातून बाहेर काढले. आजचे चर्च त्या दुर्घटनेचे स्मारक आहे. हल्ला विमानांचा होता, समुद्राचा नव्हे, हे खरे. पण एवढे जहाज इतक्या जवळ आलेले असताना माणसांना किनाऱ्यावर आणणे किती कठीण गेले असेल, हे तिथले खडक पाहिल्यावर कळते. आम्ही उभे होतो तिथे वाळूवरून फेसाचे गोळे वाऱ्याबरोबर घरंगळत येऊन दफनभूमीच्या कुंपणाला अडकत होते.

आता बोगद्याविषयी. समुद्र टाळून जमिनीवरून पलीकडे जाण्याची धडपड इथे नवी नाही. व्हायकिंग काळात दर्यावर्दी द्रागसाइदे या खिंडीतून, सुमारे पाच किलोमीटर अंतर, आपल्या होड्या ओढत नेत असत. तिथे आज दगडी क्रूस आहे, कारण ओलाव त्रिग्वासोन या राजाने ९९७ साली याच जागी सभा भरवून आसपासच्या लोकांना ख्रिस्ती धर्म घ्यायला लावला, असे सांगतात. बोगद्याची सूचना एका स्थानिक वृत्तपत्रात १८७४ मध्येच आली होती. सध्याची योजना द्वीपकल्पाच्या अरुंद भागातून, मोल्देफ्योर्ड आणि वानिल्व्सफ्योर्ड यांना जोडणारी आहे. लांबी १.७ किलोमीटर, रुंदी ३६ मीटर, आणि तळापासून छतापर्यंतची उंची सुमारे ५० मीटर, म्हणजे किनारी सेवेची मोठी प्रवासी जहाजेही त्यातून जाऊ शकतील. सुमारे ३० लाख घनमीटर खडक काढावा लागेल. दोन्ही टोकांना खडकाचे बांध तसेच ठेवून आतले काम कोरड्यात करायचे आणि शेवटी समुद्राचे पाणी आत घ्यायचे, अशी रीत ठरवण्यात आली. मुखांचा आराखडा स्नोहेत्ता या वास्तुरचना संस्थेने केला, आणि त्याची चित्रे देखणी असल्यामुळेच हा प्रकल्प जगभरच्या वृत्तपत्रांत 'नवलाई' म्हणून छापला गेला असावा. प्रत्यक्षात त्यामागे एक साधा आकडा आहे: दुसऱ्या महायुद्धानंतर या पट्ट्यात ३३ माणसांनी प्राण गमावले आहेत.

नॉर्वेच्या संसदेने २०२१ मध्ये निधीसह कामाला मान्यता दिली होती; पण त्यानंतर खर्चाचा अंदाज वाढत गेला आणि प्रकल्प पुन्हा पुन्हा वादात सापडला. विरोधकांचे म्हणणे क्षुल्लक नाही. नौका पूर्वीपेक्षा भक्कम झाल्या आहेत, हवामानाचे अंदाज अचूक झाले आहेत, आणि अर्थशास्त्रीय हिशेबात खर्च लाभापेक्षा जास्त भरतो, हे सरकारी अभ्यासांतही आलेले आहे. तरीही माझे मत बोगद्याच्या बाजूने आहे. त्या हिशेबात धक्क्यावर थांबलेल्या नौकांचे दिवस धरले जातात. पण थांबणे परवडत नाही म्हणून अंदाज काठावरचा असताना जो तांडेल निघतो, त्याच्या घरच्यांनी काढलेली रात्र कोणत्या रकान्यात लिहायची? सेल्येला आमच्या मुक्कामाच्या घरी एक निवृत्त मच्छीमार रोज सकाळी कॉफीला येत. बोगदा व्हावा की नाही, यावर त्यांनी मोठे भाषण दिले नाही. स्टाड ओलांडताना आपण नेहमी घरी दूरध्वनी करून निघत असू आणि पलीकडे पोहोचल्यावर पुन्हा करत असू, एवढेच त्यांनी सांगितले. बाकी सगळ्या किनाऱ्यावर असे करण्याची गरज त्यांना कधी भासली नव्हती.

महाराष्ट्रातून नॉर्वेला येणाऱ्या सहलींचे प्रमाण वाढते आहे आणि त्यांचे मार्ग आपल्याच पुरवण्यांतून लोकांपर्यंत पोहोचतात. या मार्गांत ओस्लो, बर्गन, एखादा प्रसिद्ध फ्योर्ड आणि उत्तरेतील ध्रुवप्रकाश असतात. स्टाड नसते, आणि ते समजण्यासारखे आहे, कारण तिथे ठरल्या वेळी ठरलेली गोष्ट दिसेल याची हमी कोणी देऊ शकत नाही. ज्यांच्या हाती दोन-तीन दिवस मोकळे असतील, त्यांनी अवश्य जावे. बर्गनहून सेल्येपर्यंत बोट आहे. सेल्या बेटाची होडी मुख्यतः उन्हाळ्यात मिळते आणि तीही समुद्र शांत असेल तर. वेस्टकापचा रस्ता बर्फ पडल्यावर बंद असू शकतो. हवामानाचा अंदाज सकाळ-संध्याकाळ पाहावा, आणि स्थानिक माणसाने आज जाऊ नका म्हटले तर जाऊ नये.

आपणास विनंती इतकीच की, टिपणातील 'पर्यटकांसाठी' हा उल्लेख दुरुस्त करावा, आणि या प्रकल्पाविषयी पुढे काही छापताना त्यासोबत स्टाडच्या समुद्राचे छायाचित्र द्यावे, आराखड्यातील चित्र नव्हे.

आपला नम्र,
एक नियमित वाचक,
बर्गन, नॉर्वे