खाट नंबर 11 शेजारच्या काकूंना

काकू, सादर नमस्कार.

निघताना तुमचा नंबर घ्यायचा राहिला, म्हणून हे सगळ्यांसमोर लिहिते आहे. कुणी ओळखीचं तुम्हाला वाचून दाखवेल.

आईच्या ऑपरेशननंतरची ती दुसरी रात्र. झोप येत नव्हती, म्हणून मी रविवारच्या पुरवणीतलं शब्दकोडं काढून बसले होते. उभा 3, 'मायेने शांत करणे', पाच अक्षरं. मी ठामपणे 'कुरवाळणे' भरलं आणि तिथेच अडकले. आडवा 7 होता 'जोराने लांब टाकणे', तोही पाच अक्षरी. फेकणे तीन, उधळणे चार, झुगारणे चार. मधल्या घरात माझा 'वा' ठाण मांडून बसलेला.

चष्मा घरी राहिला म्हणून तुम्ही मला सूचना मोठ्याने वाचायला लावल्यात. मग मंगळवेढ्याकडची तुमची ज्वारी निघाली, दाणे भरले की उतरणारे भोरड्या पाखरांचे थवे निघाले. त्यांना हाकलायची गोफण दाखवायला तुम्ही नॅपकिनची घडी केलीत, मधल्या खोलगटात कापसाचा बोळा ठेवलात. एक टोक बोटात अडकवलंत, दुसरं नुसतं मुठीत धरलंत. "फिरवायची, आणि ऐन टायमाला हे टोक सोडायचं. धोंडा भिरकावला जातो बघ."

भिरकावणे! पण मधे 'का' हवा होता आणि माझा 'वा' हलेना. तेव्हा तुम्ही विचारलंत, "धार काढताना गाय लाथा झाडायला लागली तर काय करतेस?" आणि जिभेने हलकेच च् च् केलंत. कुरवाळायला हात लागतो, चुचकारायला नुसता आवाज पुरतो. चु-च-का-र-णे. दोन्ही शब्दांचं तिसरं अक्षर एकच, 'का'. इतकी वर्षं कोडी सोडवते, पण चुचकारण्याचा आवाज त्या शब्दातच आहे हे मला त्या रात्री कळलं.

तो आवाज ऐकून आई कण्हायची थांबली होती. तुम्ही उठून तिला थोपटत बसलात, मी खुर्चीतच झोपले. पाच दिवसांतली ती माझी पहिली सलग झोप. काकू, त्या झोपेसाठी मनापासून आभार.

आई आता घरात हिंडते-फिरते. कोड्याचं पान तिच्या फाइलमध्ये जपून ठेवलंय. एकच शब्द राहिलाय, 'राखणीसाठी शेतात उभारलेली उंच जागा', तीन अक्षरं. मी पेन्सिलीने 'मचाण' लिहिलंय. तुमच्याकडे दुसरं काही म्हणत असतील तर कळवा, खोडून तेच लिहीन.

तुमची,
खाट नंबर 12 वरच्या आजींची मुलगी