काचेचं वजन वजा करू नकोस

धाराशिव

चि. मुक्ता हिस अनेक आशीर्वाद.

तुझं पार्सल पोचलं. निळसर हिरव्या मण्यांचं पेंडंट आईनं तिथंच गळ्यात घातलं आणि शेजारच्या काकूंना दाखवायला गेलीसुद्धा. ती परत आल्यावर मी भिंग घेतलं आणि आधी मागची बाजू पाहिली. कडी नीट मिटलेली आहे, सांधा जोडायची डाक कुठं ओघळलेली नाही, कडेला कानशीचा ओरखडा नाही. फार बरं वाटलं बघ.

पण फोनवर तू जे सांगितलंस ते डोक्यातून जाईना, म्हणून लिहायला बसलो. दुकानदार म्हणाला, "चांदी पाच-सहा ग्रॅम, बाकी सगळी काच. काच वजा करून भाव सांगा." आणि तू मला विचारलंस, बाबा, काचेच्या जागी खडे बसवू का?

नको बसवूस. काच आहे ती काचच राहू दे.

आपल्या पेढीवर मोडीला मंगळसूत्र आलं की काळे मणी बाजूला काढायचे आणि वाट्या न् तार काट्यावर ठेवायची. मोडीच्या वेळी ते बरोबरच आहे, तिथं नुसत्या सोन्याचा हिशेब असतो. पण घडवताना तो हिशेब कसा चालेल? मणी काढले तर हातात उरतात दोन वाट्या. त्यांना मंगळसूत्र कोण म्हणेल? ते काळे मणी काचेचेच असतात की! आपल्याकडच्या घराघरात बाई जो दागिना झोपेतसुद्धा उतरवत नाही, तो काच आणि सोनं एकत्र करूनच झालेला आहे. तू काही जगावेगळं करायली नाहीस.

आणि हे आजचंही नाही. लहानपणी तुला तेरला नेलं होतं, आता कारागीर म्हणून एकदा जाऊन ये. गावातल्या रामलिंगप्पा लामतुरे यांनी पांढरीच्या, म्हणजे जुन्या वस्तीच्या, मातीत सापडलेल्या वस्तू जपून ठेवल्या, त्यांच्याच नावाचं सरकारी संग्रहालय आहे तिथं. हस्तिदंती बाहुलीपाशी सगळे थांबतात. तू मण्यांपाशी थांब. दगडाचे, शंखाचे, काचेचे मणी आहेत. काही इतके बारीक की त्यांना भोक कसं ठेवलं असेल हेच कळत नाही. तेर म्हणजे जुनं तगर. पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक ग्रंथात ते पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर असल्याचं लिहिलंय. दोन्ही गावांचा माल गाड्यांनी भडोच बंदरात जायचा. त्या बंदरात बाहेरून येणाऱ्या मालाची यादीही त्यात आहे, आणि तिच्यात तांबं, कथील, शिसं यांच्याबरोबर कच्ची काच आहे. दोन हजार वर्षांपूर्वी माणसं काचेसाठी जहाजं भरत होती. त्यांनी ती कवडीमोल मानली असती तर समुद्र ओलांडून आणली नसती.

तुझ्या संभाजीनगरात बिदरीचं काम चालतं, तेही पाहा. त्यात मूळ धातू जस्त, थोडं तांबं घातलेलं. जस्ताला काय भाव? त्यावर चांदीची तार ठोकून बसवतात आणि बिदरच्या किल्ल्यातली माती नि नवसागर लावून जस्त काळं करतात. चांदी पांढरीच राहते. त्या काळ्यामुळेच चांदी उठून दिसते, आणि बिदरीची सुरई वजनावर कुणी मागत नाही. तुझ्या कामात काचेचं तेच काम आहे. चांदीला तू रंग देतेस, तो रंग तिच्याकडे नाही.

आता तुझ्या कड्यातली काच तडकली त्याबद्दल. हा भाग नीट वाच, बाई.

धातू आणि काच तापल्यावर सारखे फुगत नाहीत. तूच मला आकडे दिले होतेस: तांबं एका अंशाला दहा लाखांत १७ भाग वाढतं, चांदी १९, आपली साधी सोडा काच ९ च्या आसपास आणि प्रयोगशाळेतली बोरोसिलिकेट काच जेमतेम ३.३. म्हणजे गरम काचेभोवती चांदीचं कोंदण घट्ट आवळलंस तर निवताना चांदी जास्त आखडते आणि काचेच्या कडेला चावते. शिवाय मणी आत असताना तू कडीला डाक लावलीस. चांदीची पक्की डाक वितळायला सातशे अंशांच्या वर जावं लागतं, आणि एका बाजूनं एवढी आच लागल्यावर काच तडकणारच. म्हणून क्रम पक्का धर. आधी सगळी डाक, मग धुणं, मग पॉलिश, आणि काच सगळ्यात शेवटी, थंड कामात. कोंदणाच्या आत केसाएवढी फट राहू दे. कोंदणाचा ओठ (वरची कड) दाबताना एका बाजूनं सुरुवात करून गोल फिरू नकोस. समोरासमोर दाब, म्हणजे मणी सरकत नाही.

भट्टीतल्या मीनाकामाची तऱ्हा वेगळी. तिथं काच धातूवरच वितळते. उमेदवारीच्या दिवसांत मी एका म्हाताऱ्या मीनागाराशेजारी बसायचो. त्यांची भट्टी कोळशाची होती, अंश दाखवणारा काटा वगैरे काही नव्हतं. ते फटीतून तांब्याची चकती बघत बसायचे. आधी पूड कोरडी दिसते, मग काळवंडते, मग दाणे एकमेकांना धरतात आणि वरचा थर संत्र्याच्या सालीसारखा होतो. नवखा माणूस इथंच चकती बाहेर काढतो. ते आणखी थोडं थांबायचे, आणि बघता बघता सगळा थर सपाट होऊन चकाकायचा. तेवढ्यात चिमटा आत. तुझ्या विजेच्या भट्टीवर आठशेच्या आसपासचा आकडा दिसतो, पण नजर फटीवरच ठेव. चकतीच्या पाठीलाही मीना द्यायचा. तो दिसत नाही म्हणून लोक टाळतात, आणि मग पत्रा वाकतो नि पुढचा थर पापुद्र्यासारखा सुटतो. मीन्याची काच धातूपेक्षा किंचित कमी आखडणारी निवडली की निवल्यावर धातू तिला सगळीकडून दाबून धरतो. काच दाब सोसते, ताण सोसत नाही.

बत्तीच्या ज्योतीवर काच वितळवून केलेला मणी उघड्यावर निवायला ठेवायचा नाही. सोडा काचेला पाचशेच्या थोडं वर धरून मग तासन् तास हळू उतरवावं लागतं. नाहीतर आत ताण राहतो आणि महिन्याभरानं, कुणाचा हात न लागता, मणी दुभंगतो. असा न मुरवलेला एकही मणी गिऱ्हाइकाच्या गळ्यात जाता कामा नये, मग ऑर्डर कितीही घाईची असो. भोकाची कडसुद्धा आचेवर गोल करून घे, धारदार कड दोरा कापते. आणि मीन्याची पूड चाळताना तोंडाला मास्क लाव. काही रंगांत शिसं असतं. याबाबतीत मी तुझं काहीएक ऐकणार नाही.

भावाचं म्हणशील तर आपल्या धंद्यात बिलावर सोनं-चांदी वेगळी आणि घडणावळ वेगळी हे जुनंच आहे. तू काय करतेस, सगळं एका आकड्यात सांगतेस. मग समोरचा चांदीचा दर काढून तुझ्या आकड्याशी ताडून बघतो आणि त्याला वाटतं आपण फसलो. दोन ओळी कर. चांदी इतके ग्रॅम, त्या दिवसाच्या दरानं. खाली घडणावळ, त्यात काच, भट्टीची वीज, तुझा वेळ आणि तडकून वाया गेलेले मणीसुद्धा. सोनार तूट धरतो, तशी तूही धर. काच वजा करा म्हणणाऱ्याला सरळ सांग की घडणावळ काचेचीच आहे. नाही पटलं तर त्याच्या दुकानात माल ठेवू नकोस. दुसरं दुकान मिळेल. पहिले काही महिने ओढाताण होईल, भाड्याचं मी बघतो.

आईला कुड्यांची जोडी हवी आहे, कोबाल्टच्या गडद निळ्या काचेची, चांदीत. वजनाला हलक्या कर, तिच्या कानाची पाळी आता ओघळलीय. बिल वर लिहिलंय तसं दोन ओळींत पाठव. ती पूर्ण पैसे देणार आहे आणि त्यावर तुझ्याशी वाद घालायची तिची तयारी नाही.

तुझे,
बाबा

ता. क. आजोबांची जंत्री, म्हणजे तार ओढायची भोकांची पट्टी, एसटीच्या पार्सलनं पाठवतोय. मोठी भोकं झिजलीत, बारीक अजून गोल आहेत. तार ओढायच्या आधी तापवून नरम करून घे आणि मेण लावायला विसरू नकोस.