निम्म्यावर आलेला शेअर

प्रिय मित्रा,

परवा फोनवर म्हणालास, "शेअर निम्म्यावर आलाय, आणखी किती स्वस्त हवा?" तेव्हा घाईत काही बोललो नाही, पण ते वाक्य डोक्यातून जाईना, म्हणून लिहायला बसलो.

निम्म्यावर आला तो जुन्या भावाच्या. पण जुना भाव तरी बरोबर होता कशावरून? व्हॅल्यू इन्व्हेस्टिंगमध्ये, म्हणजे मोलापेक्षा कमी भावात शेअर घेण्याच्या पद्धतीत, क्रम उलटा असतो: आधी त्या धंद्याचं मोल आपल्या परीने काढायचं, मग बाजारभाव बघायचा. अमेरिकी गुंतवणूकदार बेंजामिन ग्रॅहम यांनी महामंदीत हात पोळल्यावर १९३४ मध्ये ही शिस्त मांडली. शंभराचं मोल वाटलं तर साठ-पासष्टला मिळाल्याशिवाय घ्यायचं नाही. मधलं अंतर आपल्या हिशेबातल्या चुकीसाठी राखून ठेवायचं. त्यालाच ते मार्जिन ऑफ सेफ्टी म्हणत.

मला सगळ्यात पटलेलं उदाहरण १९६३ चं आहे. न्यू जर्सीतल्या टाक्यांमध्ये खाद्यतेल असल्याचं दाखवून एका व्यापाऱ्याने प्रचंड कर्ज उचललं. आत बहुतेक पाणी, वर तेलाचा थर. तो माल गोदामात असल्याच्या पावत्या अमेरिकन एक्स्प्रेस या कार्ड कंपनीच्या उपकंपनीने दिल्या होत्या, त्यामुळे घोटाळा उघड होताच अमेरिकन एक्स्प्रेसचा शेअर कोसळला. ग्रॅहम यांचे शिष्य, गुंतवणूकदार वॉरेन बफे यांनी काय केलं? ओमाहातल्या एका रेस्टॉरंटमध्ये गल्ल्याजवळ बसून लोक बिल कशाने भरतात ते पाहिलं. अमेरिकन एक्स्प्रेसची कार्डं पूर्वीसारखीच चालत होती. नुकसान मोठं होतं, पण एकदाचं. कमाईचं मूळ शाबूत होतं. मग त्यांनी भरपूर शेअर घेतले.

तुझ्या कंपनीला हाच प्रश्न विचार: भाव पडला त्याचं कारण दोन वर्षांत सरेल, की गिऱ्हाईकच कायमचं दुसरीकडे गेलंय?

पीई, म्हणजे शेअरचा भाव एका शेअरमागच्या वार्षिक नफ्याच्या किती पट आहे तो आकडा, कमी दिसला म्हणून मी एकदा फसलोय. सहाचा पीई होता, वाटलं घबाड लागलं. नफ्यातला अर्ध्याहून जास्त भाग जमीन विकून आलेला होता. वार्षिक अहवालाच्या टिपांमध्ये तसं स्पष्ट छापलं होतं, मी तिथवर वाचलंच नव्हतं. तेव्हापासून एका वर्षाच्या नफ्यावर विसंबत नाही, सात-दहा वर्षांची सरासरी काढतो. पोलाद, सिमेंटसारख्या चढउताराच्या धंद्यात तर हे हवंच. तेजीच्या टोकाला नफा फुगलेला असतो, म्हणून पीई नेमका तेव्हाच सर्वांत कमी दिसतो.

दुसरं, नफ्याशेजारी धंद्यातून प्रत्यक्ष आलेली रोकड मांड. नफा वाढतोय, रोकड येत नाही आणि उधारी फुगतेय, तर सावध हो. कर्जही बघ, कर्ज डोक्यावर असलेली कंपनी चांगले दिवस येईपर्यंत तग धरेलच असं नाही. पुस्तकी मूल्याचा, म्हणजे हिशेबवहीतल्या मालमत्तेतून देणी वजा करून उरलेल्या रकमेचा, हिशेब बँकांना बऱ्यापैकी लागू पडतो, पण ज्या कंपनीची खरी ताकद तिच्या नावात आहे, तिथे तो फारसं सांगत नाही.

आता थोडं काम करशील? त्या कंपनीचे दहा वर्षांचे अहवाल काढ, नफा आणि रोकड असे दोन रकाने कर आणि पाठव. रविवारी दोघं मिळून बघू. तोवर आणखी शेअर घेऊ नकोस, एवढं माझं ऐक.

तुझाच,
जुना मित्र