लघवीची गोळी डोळ्याच्या डॉक्टरांनाही सांगा

संपादक महोदय,

गेल्या महिन्यात आमच्या ह्यांच्या उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला. वीस मिनिटांचं काम तासभर चाललं. बाहुली मध्येच आकसली, बुबुळाचा पडदा सैल पडून फडफडू लागला. शेवटी बारीक हुक लावून बाहुली उघडी ठेवावी लागली. कारण, प्रोस्टेटसाठी चार वर्षं चालू असलेली टॅमसुलोसिनची गोळी! अर्जात बीपी-शुगर विचारलं होतं, तेवढंच आम्ही लिहिलं. लघवीच्या गोळीचा डोळ्याशी संबंध कुणाच्या मनात येणार? डॉक्टरांना मात्र हा धोका २००५ पासून ठाऊक आहे. आधी कळलं तर सर्जन तयारीनिशी उतरतात. गोळी थांबवली तरी परिणाम राहू शकतो, म्हणून आपल्या मनानं ती बंद करू नये. रुग्णालयांनी हा प्रश्न अर्जात ठळक छापावा.

– एक वाचक, कराड