मावशी, तुमची पेन्सिल माझ्याकडेच राहिली

प्रिय मावशी, सलाम.

हे सगळ्यांसमोर लिहितेय, कारण घरी येऊन आभार मानायला लागले की तुम्ही 'प्रभूचे मान' म्हणत चहा टाकायला उठता आणि माझं बोलणं राहूनच जातं.

अप्पांच्या हृदयाच्या तीन नळ्या बंद निघाल्या. परवा बायपास, म्हणाले. संमतीपत्र माझ्यासमोर, आणि सही होईना. नातेवाईक फोनवर सांगत होते, या वयात छाती उघडू नका. आपल्या चर्चच्या मंडळीतलंच एक जण म्हणालं, विश्वास असेल तर ऑपरेशन कशाला? मला दोन्ही पटत होतं, कारण दोन्हीत सही टळत होती.

तुम्ही पिशवीतून बायबल काढलंत, दोरा बांधलेला चष्मा चढवलात. मला वाटलं, स्तोत्र 23 वाचाल. दवाखान्यात सगळे तेच वाचतात. तुम्ही उघडलंत गणना या पुस्तकाचा 13 वा अध्याय. देवाने इस्राएल लोकांना देऊ केलेला कनान देश हेरायला गेलेले 12 जण. 40 दिवस फिरले, अष्कोलच्या खोऱ्यातून द्राक्षांचा असा घड आणला की काठीवर घालून दोघांना उचलावा लागला. तरी दहा जण म्हणाले, तिथली माणसं धिप्पाड, त्यांच्यापुढे आपण नाकतोडे. उरलेल्या दोघांतला एक कालेब.

ओळीवर बोट तसंच ठेवून तुम्ही विचारलंत, "कालेबाला ती माणसं दिसली नव्हती का गं?"

दिसली होती की. तटबंदीची नगरंही दिसली होती. तिथं कुणी नाही, असं तो म्हणालाच नाही. चला, म्हणाला.

इतकी वर्षं रविवारच्या शाळेत ही गोष्ट मी मुलांना शिकवतेय, पण हे कधी ध्यानात आलं नव्हतं.

मग आयुष्यभर नर्सची नोकरी केलेली बाई जागी झाली. "डॉक्टरांना काय विचारायचंय ते लिही," म्हणत पेन्सिलीचा तुकडा हातात दिलात. बिस्किटांच्या पुड्याच्या आतल्या बाजूला लिहिलं: शुगर, रक्ताच्या बाटल्या, आयसीयूत किती दिवस, धोका किती. डॉक्टरांनी सगळं समजावलं. धोका नाही, असं तेही म्हणाले नाहीत.

मी विचारलं, मावशी, अप्पा गेले तर? तुम्ही चष्मा पुसत म्हणालात, "आमचे हे अशाच वॉर्डातून परत आले नाहीत. पुढच्या रविवारी मी उपासनेला गेले. गाणं मात्र म्हणता आलं नाही." दुसऱ्या कुणी धीर दिला असता तर मी मान हलवली असती. तुमचं ऐकून सही केली. हात थरथरतच होता. मार्कच्या शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायातला, आजारी मुलाला येशूकडे आणणारा तो बाप नाही का, विश्वास धरतो म्हणतो आणि त्याच दमात अविश्वास घालवायला मदत मागतो? तसंच काहीसं.

अप्पा आता गल्लीच्या टोकापर्यंत चालतात आणि आमटीत मीठ नाही म्हणून रोज भांडतात. कालेबाने 85 व्या वर्षी डोंगराळ मुलूख मागितला होता, हे तुम्हीच त्यांना सांगितलंत म्हणे; आता ते गच्चीचा जिना चढायचा हट्ट धरून बसलेत. ते तेवढं तुम्हीच निस्तरा.

पेन्सिल रविवारी आणते.

तुमची,
अप्पांची थोरली